खडकांचे चुंबकत्व

तप्त लाव्हा थिजून थंड होताना त्यातील काही लोहयुक्त खनिजे तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात व ते चुंबकन पुढे कोट्यवधी वर्षे टिकते. यास ऊष्मीय अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळ व अजिंठ्याची लेणी आणि देवगिरीचा किल्ला ज्या काळ्या बेसाल्टात कोरले आहेत, तो दक्षिण ट्रॅप खडक असाच एक क्षीण पण स्थायी चुंबक आहे.

चुंबकत्वाचे मूळ इलेक्ट्रॉनांत असते. कक्षीय गती व स्वतःचे परिवलन यांमुळे प्रत्येक इलेक्ट्रॉनाला चुंबकीय परिबल असते. ही परिबले जोडीजोडीने रद्द होत असतील, तर पदार्थ प्रतिचुंबकीय ठरतो व बाह्य क्षेत्राला किंचित विरोध करतो. उदा., या बेसाल्टाच्या पोकळ्यांत आढळणारी क्वॉर्ट्‌झ व कॅल्साइट ही खनिजे. विजोड इलेक्ट्रॉन असतील, तर पदार्थ समचुंबकीय असतो; बेसाल्टातील पायरोक्सीन हे त्याचे उदाहरण. मात्र ऊष्मीय गतीमुळे त्यातील परिबले विस्कळीत राहतात व बाह्य क्षेत्र नाहीसे होताच त्याचे चुंबकत्वही संपते. यांपैकी कोणतेही खनिज स्मृती जपू शकत नाही.

ते कार्य मॅग्नेटाइट करते. लोहासारख्या पदार्थांत शेजारची परिबले एका प्रबळ अंतर्गत क्षेत्रामुळे समांतर राहतात, अशी कल्पना प्येअर व्हाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. या क्षेत्राचे मूळ इलेक्ट्रॉनांमधील विनिमय परस्परक्रियेत आहे, हे १९२८ मध्ये हायझेनबेर्क यांनी पुंजयामिकीच्या आधारे दाखविले. मॅग्नेटाइटमध्ये परिबलांचे दोन संच परस्परविरुद्ध दिशांना असतात, पण ते असमान असल्याने शिल्लक उरते (फेरीचुंबकत्व). ल्वी नेएल यांनी १९४८ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. तापमान वाढल्यास ही शिस्त मोडते. ज्या तापमानाला ती पूर्णपणे नाहीशी होते, त्याला क्यूरी तापमान म्हणतात. ते लोहासाठी ७७०° से. व मॅग्नेटाइटसाठी सु. ५८०° से. आहे. बेसाल्टातील मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम मिसळलेले असल्यास ते आणखी खाली येते.

लाव्हा सु. १,१००° से. तापमानाला बाहेर पडतो, म्हणजे त्या वेळी त्यात स्थायी चुंबकत्व नसते. क्यूरी तापमानाखाली येताच सूक्ष्म कणांची परिबले जुळतात, पण काही काळ ती सहज उलटतात व पृथ्वीच्या क्षीण क्षेत्राच्या दिशेला अनुकूल होतात. आणखी थोडे थंड होताच उलटण्यास लागणारा काळ मिनिटांवरून कोट्यवधी वर्षांवर जातो. नेएल यांच्या १९४९ मधील या सिद्धांताचा मर्म असा की, सामान्य तापमानाला जे क्षेत्र या कणांना हलवूही शकत नाही, तेच थंड होण्याच्या वेळी त्यांची दिशा ठरविते. वीटभट्टीतील विटाही याच रीतीने चुंबकित होतात.

या स्मृतीचे वाचन दक्षिण ट्रॅपमध्ये विशेष फलदायी ठरले. जे. ए. क्लेग, ई. आर. डॉइच व डी. एच. ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये आणि डॉइच, सी. राधाकृष्णमूर्ती व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी १९५९ मध्ये या खडकांची मापने प्रसिद्ध केली. द्विध्रुवी क्षेत्रात नतिकोनाची स्पर्शज्या अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. सांप्रतच्या २०° उत्तर अक्षांशाला हा कोन सु. ३६° यावयास हवा. खडकांत तो सु. ४५° ते ५०° आढळतो व त्याची दिशा दक्षिण गोलार्धाशी जुळते. म्हणजे सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ही भूमी सु. ३०° दक्षिण अक्षांशाजवळ होती. खंडविप्लवाचा हा सबळ पुरावा होय. त्यावरून उत्तरेकडील सरासरी वेग वर्षाला सु. ८ सेंमी. निघतो.

सह्याद्रीत खालच्या प्रवाहांची ध्रुवता आजच्या उलट, तर महाबळेश्वरच्या वरच्या प्रवाहांची आजच्यासारखी आहे. काही खनिजे स्वतःच उलट दिशेने चुंबकित होतात, असा संशय एकेकाळी घेतला जाई. तथापि लाव्हाने भाजलेल्या शेजारच्या भिन्न खडकांतही सामान्यतः तीच ध्रुवता आढळत असल्याने पृथ्वीचे क्षेत्रच उलटले होते, हे मान्य झाले.

मापनापूर्वी नमुना ‘स्वच्छ’ करणे अनिवार्य असते. अस्थिर कण आजच्या क्षेत्राच्या दिशेने हळूहळू वळतात. ते प्रत्यावर्ती क्षेत्राने किंवा क्षेत्ररहित जागी टप्प्याटप्प्याने तापवून निष्प्रभ करतात. उघड्या डोंगरमाथ्यावरील नमुने मात्र शक्यतो टाळतात, कारण तेथे वीज कोसळली असल्यास तिच्या प्रवाहाने मूळ दिशा पुसली गेलेली असते.