हृदयरोग आणि आपलीं जनुकें

निफाडच्या शेतकऱ्यास कोणी परमुलखाचें बियाणें देऊं केलें, तर तो प्रथम विचारतो, “आमच्या मातींत हें येईल काय?” आपल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचें कार्यही याच प्रश्नावर चालतें. हृदयरोगाच्या बाबतींत मात्र हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला.

आईबापांकडून मुलास रूप, रंग व ठेवण मिळते ती पेशींतील जनुकांवाटे. जनुक म्हणजे जणूं शरीरास लिहिलेली आज्ञाच होय. तींतील अक्षरें गळलीं तर काम बिघडूं शकतें. कोणता फरक घातक व कोणता निरुपद्रवी, हें ठरविण्यास पुष्कळ निरोगी व रोगी माणसांचीं जनुकें ताडून पाहावीं लागतात. परंतु २०१६ सालच्या एका मोजणींत अशा संशोधनांतील शेंकडा ८१ माणसें युरोपीय वंशाचीं आढळलीं.

याचा परिणाम काय होतो, तें पाहूं. हृदयाच्या स्नायूंतील एका प्रथिनाच्या जनुकांत २५ अक्षरें गळालेलीं असतात, असा एक फरक आहे. भारतीय उपखंडांतील शेंकडा सुमारें ४ लोकांत तो आढळतो, असें हैदराबादच्या सी. सी. एम. बी. या संस्थेंतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं दाखविलें. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गांत सरासरीनें दोघे. युरोपीय लोकांत तो जवळजवळ नाहींच. मग केवळ त्यांचेंच रक्त तपासून तो कसा सांपडावा? हा फरक असणारांस पुढील वयांत हृदय दुर्बल होण्याचा धोका अधिक असतो. तथापि प्रत्येकास रोग होतोच असें नाहीं. म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

याच्या उलट चूकही घडते. अमेरिकेंतील कांहीं कृष्णवर्णीयांच्या जनुकांतील निरुपद्रवी फरक रोगकारक ठरविले गेले होते, असें २०१६ सालीं उघडकीस आलें. तुलनेसाठीं त्यांचे बांधव पुरेसे घेतलेच नव्हते!

आपल्या देशांत जीनोम इंडिया या योजनेखालीं सुमारें १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचण्यांत आले व जानेवारी २०२५ मध्यें ती माहिती संशोधकांस खुली झाली. आरंभ उत्तम आहे. परंतु एवढ्या मोठ्या देशास तो पुरेसा नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, एखाद्या मान्यवर संस्थेनें रक्ताचा नमुना मागितल्यास प्रथम हेतु विचारावा, नांव गुप्त राहील कीं नाहीं तें पाहावें, संमतिपत्र नीट वाचावें. आणि समाधान झाल्यास नमुना अवश्य द्यावा. विद्यार्थ्यांनीं या सुटींत घरच्या वडीलधाऱ्यांस, आपल्या कुळांत कोणास हृदयविकार होता व तो कितव्या वर्षीं जडला, हें विचारून लिहून ठेवावें. वैद्यास तें टिपण फार उपयोगीं पडतें.