मूत्रमार्गसंकोच व पुनर्रचना
मूत्रमार्गाच्या भित्तीत वण निर्माण होऊन त्याची पोकळी अरुंद होणे, यास मूत्रमार्गसंकोच म्हणतात. पुरुषाचा मूत्रमार्ग सु. १८ ते २० सेंमी. लांब असल्याने हा विकार मुख्यतः पुरुषांत आढळतो.

परमा या गुप्तरोगात शोथ श्लेष्मकलेपुरता न राहता भोवतालच्या स्पंजी ऊतकात पसरतो. तेथे तंतुमय ऊतक साचून ते हळूहळू आकसते. त्यामुळे संसर्ग बरा झाल्यावर काही वर्षांनीही संकोच उद्‌भवू शकतो. प्रतिजैव औषधांनी जंतू नष्ट होतात. तयार झालेला वण मात्र नाहीसा होत नाही. क्षयरोग, इजा, दीर्घकाळ ठेवलेली मूत्रनलिका (कॅथेटर) आणि लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार ही अन्य कारणे होत.

मूत्राची धार बारीक होणे, जोर करावा लागणे व मूत्राशय पूर्ण रिकामा न होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. संकोचाने वारंवार जंतुसंसर्ग होतो व अखेरीस वृक्क (मूत्रपिंड) निकामी होऊ शकतात. लाजेपोटी उपचार लांबविणे त्यामुळे घातक ठरते. विरोधी द्रव्य मूत्रमार्गात सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रावरून संकोचाची जागा व लांबी कळते.

सळईने मार्ग रुंदावणे हा जुना उपचार होय. निरुद्धप्रकश या जवळच्या विकारात तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. विस्फारण किंवा दुर्बिणीतून छेद या उपायांनी तात्पुरता आराम पडतो. परंतु ते पुनःपुन्हा केल्यास वण वाढतो. म्हणून योग्य वेळी पुनर्रचना करणे इष्ट असते.

आखूड संकोच काढून टाकून दोन्ही टोके सांधता येतात. लांब संकोचात गालाच्या आतील श्लेष्मकलेचे कलम लावतात. ही श्लेष्मकला सतत ओली राहण्यास सरावलेली, जाड व केशविरहित असते. इटलीतील ग्वीदो बार्बाली यांनी १९९६ मध्ये मूत्रमार्गाच्या पृष्ठीय बाजूस कलम बसविण्याची पद्धत मांडली. पुण्याचे मूत्ररोगतज्ञ संजय कुलकर्णी यांनी २००९ मध्ये सहकाऱ्यांसह तीत सुधारणा प्रसिद्ध केली. वृषणकोश व गुद यांमधील एकाच छेदातून शिश्न आत ओढून घेतात व मूत्रमार्ग एकाच बाजूने सुटा करतात. दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या व तंत्रिका त्यामुळे शाबूत राहतात आणि शिश्नाच्या त्वचेवर छेद घ्यावा लागत नाही. संपूर्ण अग्र मूत्रमार्गाच्या संकोचासाठी उपचार केलेल्या ११७ रुग्णांचा त्यांचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सु. ८४% रुग्णांत यश मिळाले. पूर्वी पुनर्रचना फसलेल्या रुग्णांत मात्र यशाचे प्रमाण कमी होते.

गुटखा व तंबाखू यांच्या सेवनाने गालाची श्लेष्मकला ताठर झाल्यास योग्य कलम मिळणे कठीण होते. मूत्र पूर्ण अडल्यास बळाने सळई घालणे धोक्याचे असते. अशा वेळी ओटीपोटातून मूत्राशयात नळी बसवून मूत्र बाहेर काढतात. लोणावळा किंवा मावळातील अन्य गावाहून रुग्णास पुण्यास नेण्यापूर्वी हा उपाय झाल्यास वृक्कांवरील ताण टळतो व पुनर्रचना सवडीने करता येते. शस्त्रक्रियेनंतर संकोच पुन्हा उद्‌भवू शकत असल्याने मूत्रप्रवाहाची तपासणी अनेक वर्षे करावी लागते.