जर्मनीत शिक्षण ‘फुकट’? आधी हा हिशोब करा

आजचा एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या. आणि जमलं तर आई-बाबांनाही वाचायला द्या, कारण विषय पैशांचा आहे.

“जर्मनीत फी नसते. बाकीचं मी पार्ट-टाइम जॉब करून भागवेन.” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यातला पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे. गणित चुकतं ते दुसऱ्यात.

फी खरंच नसते का?
बहुतेक सरकारी विद्यापीठांत नसते. दर सेमिस्टरला एक वर्गणी भरावी लागते, बस्स. पण अपवाद आहेत. श्टुटगार्ट, हायडलबर्ग ही शहरं ज्या राज्यात आहेत, त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आपल्यासारख्या युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या विंटर सेमिस्टरपासून कोर्सनुसार २००० ते ६००० युरो घ्यायला सुरुवात केली. आणि खासगी कॉलेजं तर पूर्ण फी घेतात. त्यामुळे एजंटने नाव सुचवलं की पहिला प्रश्न हा विचारा: सरकारी की खासगी?

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय?
व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच दाखवावा लागतो. बहुतेक जण त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सध्याचा आकडा आहे ११,९०४ युरो. युरो १०० रुपयांना धरला, तर जवळपास १२ लाख. घाबरू नका, ही फी नाही, पैसे तुमचेच आहेत. तिकडे पोहोचल्यावर ते दरमहा ९९२ युरो असे तुम्हाला मिळतात.

खरी गोची इथे आहे. पहिल्याच महिन्यात घरमालक डिपॉझिट मागतो. कायद्याने तो तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं मागू शकतो. तुमच्या हातात येणार ९९२, त्यातले दीडशेच्या आसपास आरोग्य विम्याला जाणार. मग डिपॉझिट कुठून देणार? म्हणून १२ लाखांच्या वर, विमानाचं तिकीट सोडून, दीड-दोन लाख वेगळे ठेवा.

आणि जॉब?
मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. सेमिस्टर चालू असताना मात्र आठवड्याला २० तासांच्या आत राहायचं, नाहीतर विम्याची विद्यार्थी सवलत जाऊ शकते. विद्यापीठातच प्रोफेसरच्या हाताखाली जे काम मिळतं, त्याला तिथे ‘हिवी’ म्हणतात. ते या १४० दिवसांत मोजत नाहीत. फ्रीलान्सिंग मात्र परवानगीशिवाय चालत नाही, बरं का. इथल्या क्लायंटचं काम तिथे बसून करू, हा विचार आधी तपासून घ्या.

जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला १५ तास मिळाले तर महिन्याला साधारण ९०० युरो होतात. म्हणजे कागदावर जमतंय! पण जर्मन येत नसेल तर कॅफे, दुकान, हॉटेल, सगळीकडे दार अर्धंच उघडतं. वर नवं शहर, रजिस्ट्रेशन, पहिल्या परीक्षा. पहिले काही महिने जॉब नाही, असंच धरून चाला.

थोडक्यात सांगायचं तर पहिलं वर्ष घरच्या पैशावर किंवा कर्जावर काढायचं. जॉब दुसऱ्या वर्षाला हातभार लावतो.

मग आत्ता काय करायचं?
भाषा इथूनच सुरू करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहेच. बी १ पर्यंत गेलात तर जॉब शोधणं बरंच सोपं होतं. आपली डिग्री तपासून देणारं एपीएस सर्टिफिकेट नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक आहे, त्याला वेळ लागतो, लवकर अर्ज करा. कर्ज घेणार असाल तर शिकत असतानाही व्याज चढतं का, हे बँकेला स्पष्ट विचारा.

डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि हाच जर्मनीचा मोठा फायदा आहे. पण तिथपर्यंत पोहोचायला पहिलं वर्ष निभावून न्यावं लागतं. घरी “सगळं फुकट आहे” असं सांगून निघू नका, आकडे समोर ठेवून निघा. आणि व्हिसाचा अर्ज भरण्याआधी वकिलातीच्या वेबसाइटवर ताजे आकडे नक्की बघा, कारण ते बदलत असतात.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!