गिअर-पेटीतील तेल



घरात मोटार असली की तिच्या काही गरजा आपोआप लक्षात राहतात. पेट्रोल संपत आले की काटा खाली उतरतो. चाकातील हवा कमी झाली की गाडी एका बाजूस ओढू लागते. इंजिनातील तेल थोडेफार जळते, आणि ते किती उरले हे पाहण्यासाठी पट्टी दिलेली असते. परंतु मोटारीत आणखी एक तेल असते. ते जळत नाही, गळती नसेल तर कमीही होत नाही, आणि बहुतेक छोट्या गाड्यांत ते पाहावयास पट्टी नसते. ते तेल म्हणजे गिअर-पेटीतील तेल. ते संपत नाही, म्हणून आपण ते विसरतो. त्याची पातळी तीच राहते, पण त्याचा गुण मात्र संपतो. आजच्या भाषणात या विसरलेल्या तेलाचा विचार करावयाचा आहे, आणि तोही जुन्या छोट्या गाडीच्या संदर्भात.

अशी गाडी म्हटली की आपल्यापुढे प्रथम मारुती ८०० येते. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली व २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. हैदराबादेत नव्या गाडीची विक्री त्याआधीच, २०१० साली थांबली होती. धुरासंबंधीचे 'भारत स्टेज चार' हे नियम त्या वर्षीच्या एप्रिलपासून देशातील तेरा शहरांत लागू झाले. त्या यादीत आपले हैदराबाद होते, आणि मुंबई, पुणे व सोलापूर हीही होती. म्हणजे या शहरात नवी म्हणून विकली गेलेली मारुती ८०० आता पंधरा वर्षांची मर्यादा ओलांडून गेली आहे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांचीच असते; पुढे गाडीची तपासणी करवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तरीही काचीगुडा, सुलतान बाजार, मलकपेठ या भागांत अशा गाड्या दारापुढे उभ्या दिसतात. निवृत्त माणसाला दवाखान्यात नेणे, नातीला शाळेतून आणणे, एवढे काम त्या इमाने-इतबारे करीत असतात. अशी गाडी विकावयास काढली तर जी किंमत येईल, तिचा मोठा भाग गिअर-पेटी उघडून दुरुस्त करण्यातच जाईल. गिअर-पेटी बिघडली की पुष्कळदा गाडीच मोडीत निघते. म्हणून दोनएक लिटर तेलाचा हा प्रश्न एका कुटुंबाकडे गाडी राहणार की नाही, इथपर्यंत जातो.

हे तेल तेथे काय करते, ते आधी पाहू. इंजिन एका मिनिटात हजारो फेरे घेते. चाकांना तितके फेरे नको असतात, त्यांना जोर हवा असतो. गिअर-पेटीतील लहानमोठी दातेरी चाके इंजिनाचा वेग कमी करून त्याचे जोरात रूपांतर करतात. दात्यावर दाता टेकतो ती जागा एखाद्या रेघेइतकी अरुंद असते, आणि गाडीचा सारा भार त्या रेघेवर येतो. तेथे तेलाचा पातळसा थर नसेल तर पोलादावर पोलाद घासून दाते खरवडले जातील. साध्या गिअर-पेटीत हे तेल पोहोचविण्यासाठी पंप नसतो. खालची चाके तेलात अर्धवट बुडालेली असतात आणि फिरताना तेच तेल वर उडवून सर्वांना न्हाऊ घालतात. म्हणूनच तेलाची पातळी घटली की सर्वांत वरचे भाग प्रथम कोरडे पडतात.

यात आणखी एक नाजूक भाग आहे. गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवावयाचे असतात. जुन्या काळी चालकाला त्यासाठी क्लच दोनदा दाबून वेग जुळवावा लागे. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत ही जुळवणी आपोआप करणारी यंत्रणा प्रथम आली, आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. तिच्यात बहुधा पितळेची एक कडी असते. ती फिरत्या भागावर घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मग गिअर मुकाट्याने बसतो. येथे गंमत अशी की, दात्यांना घर्षण नको असते आणि या कडीला ते थोडे हवे असते. एकाच तेलाने दोघांचेही समाधान करावयाचे असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. 'जाड तेल घातले की झाले' ही समजूत बरोबर नाही. डब्यावर दोन खुणा असतात. पहिली दाटपणाची, उदाहरणार्थ ७५ डब्ल्यू-९०. यातला पहिला आकडा थंडीतील वागणूक सांगतो व दुसरा तापल्यानंतरची. इंजिन तेलाचे ४० आणि गिअर तेलाचे ९० यांची मोजपट्टी वेगळी आहे. प्रत्यक्षात ती दोन्ही दाटपणाने जवळजवळ सारखीच असतात. दुसरी खूण जी.एल.-४ किंवा जी.एल.-५ अशी असते. दात्यांवरील प्रचंड दाब सोसता यावा म्हणून या तेलांत गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळतात. जी.एल.-५ मध्ये ती अधिक असतात, कारण ते मागील चाके ओढणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी योजलेले आहे; तेथे दाते एकमेकांवर फार घसरतात. आकडा मोठा म्हणून ते तेल श्रेष्ठ, असे मात्र नाही. त्याच्या अति निसरडेपणामुळे पितळी कडीची पकड सुटते, आणि काही मिश्रणे गरम झाल्यावर पितळ खातातही. मारुतीसारख्या पुढील चाके ओढणाऱ्या गाडीत गिअर आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात नांदतात, आणि तेथील दात्यांना जी.एल.-४ पुरेसे होते. शेवटचा शब्द मात्र गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेचा. राणीगंजच्या दुकानात जाण्यापूर्वी त्यातील खूण आणि माप कागदावर उतरवून न्यावे.

हे तेल बिघडते कशाने? दात्यांच्या दाबाखाली त्याचे लांब रेणू तुटतात व ते पातळ होते. उष्णतेने व हवेने ते काळवंडते. दात्यांची व कडीची बारीक पूड त्यात मिसळत राहते, आणि येथे ती पूड गाळून काढणारा फिल्टर सहसा नसतो. पुस्तिका तेल बदलण्यासाठी किलोमीटर सांगते. पण सगळे किलोमीटर सारखे नसतात. सोलापूरच्या रस्त्याने जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा करीत निघालेली गाडी बराच वेळ वरच्या गिअरात निवांत धावते. तीच गाडी अमीरपेठ-पंजागुट्ट्याच्या गर्दीत अडकली किंवा बंजारा हिल्सचा चढ चढू लागली, तर पहिला आणि दुसरा गिअर सतत बदलावा लागतो. शहरातच फिरणाऱ्या जुन्या गाडीचे तेल सांगितलेल्या मुदतीच्या थोडे आधी बदलणे शहाणपणाचे.

पाण्याचा धोका तर निराळाच. १३ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादच्या कित्येक वस्त्यांत मोटारी पाण्याखाली गेल्या. गिअर-पेटीला हवा खेळण्यासाठी एक बारीक वाट असते; पाणी पेटीच्या वर चढले की त्या वाटेने आत शिरते. मग तेलाचा रंग इराणी चहासारखा दुधाळ होतो. असे तेल असताना गाडी चालवू नये. ते काढून नवे भरावे, थोडी गाडी चालवावी, आणि पुन्हा रंग फिरला तर पुन्हा बदलावे. येथे किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष काम. ते कठीण नाही, पण त्याला क्रम आहे. गाडी थोडी चालवून आणावी, म्हणजे कोमट तेल चटकन वाहते. मात्र फार तापलेल्या तेलाने हात भाजेल. गाडी सपाट जागी असावी. ती उचलावयाची असेल तर चारही बाजू सारख्या उचलून भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीसुद्धा, शिरू नये. जॅक चाक बदलण्यासाठी असतो, माणसाचा जीव तोलण्यासाठी नव्हे.

पेटीला दोन बुचे असतात. एक तळाशी, जुने तेल सोडण्यासाठी; दुसरे बाजूला, नवे भरण्यासाठी. प्रथम भरण्याचे बूच उघडावे, आणि ते उघडल्यावरच तळाच्या बुचाला पाना लावावा. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण जुन्या गाडीत भरण्याचे बूच वर्षानुवर्षे गंजून बसलेले असते. आधी जुने तेल सोडून दिले आणि मग ते बूच उघडेना, तर रिकाम्या पेटीची गाडी जागची हलविता येत नाही. दुसरी दक्षता अशी की इंजिनाचे बूच गिअर-पेटीचे समजून उघडले जाऊ नये. तसे झाले तर इंजिन कोरडे राहते, आणि गिअर-पेटीत जुन्या तेलावर नव्याची भर पडते.

खाली घमेले ठेवून तेल पूर्ण निथळू द्यावे, आणि निघालेल्या बुचाकडे नीट पाहावे. त्यावर लोहचुंबक असेल तर त्याला काजळासारखा मऊ करडा लेप लागलेला दिसेल. ती नेहमीची झीज होय. पितळेची चकाकी तेलात बरीच दिसली तर कड्या झिजत आहेत असे समजावे. हाताला टोचणारे पोलादाचे तुकडे मिळाले तर दाता तुटलेला असण्याचा संभव आहे. तेथे नवे तेल हा उपाय नव्हे. बूच पुसून, नवा वायसर घालून घट्ट करावे; मात्र पेटी ॲल्युमिनियमची असते, तेव्हा सारी ताकद लावून आटे खराब करू नयेत. मग नळी लावलेल्या नरसाळ्याने किंवा हातपंपाने सावकाश तेल भरावे. ते भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेशी येऊन ओघळू लागले की पातळी बरोबर झाली. त्याहून अधिक तेलही बरे नव्हे. ते उगाच घुसळून तापते व सीलांतून बाहेर पडते.

काढलेले तेल गटारात ओतू नये. आपले नाले हुसेनसागराकडे किंवा मुशीकडेच जातात. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, असे तेल गोळा करून अधिकृत शुद्धीकरणासाठी पाठविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

नव्या तेलाने सकाळी जड लागणारा दुसरा गिअर पुष्कळदा हलका होतो. परंतु ते जादूचे औषध नाही. एक साधी परीक्षा सांगतो. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवावे, क्लच पूर्ण दाबून काही क्षण थांबावे, आणि मग मागे जाण्याचा गिअर टाकावा. तरीही करकर आवाज आला, तर दोष बहुधा क्लचचा आहे. तो तेलाने बरा होणार नाही, आणि गिअर-पेटी उघडण्याचीही गरज नाही. एवढे माहीत असले म्हणजे उस्तादाशी बोलणे सोपे जाते आणि नको तो खर्च टळतो.

बहुतेक जण हे काम उस्तादाकडूनच करवून घेतील, आणि त्यात गैर काही नाही. मात्र काम चालू असताना तेथे उभे राहावे, नव्या तेलाच्या डब्यावरील खूण वाचावी, आणि निघालेले बूच स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. काम झाल्यावर एका लहान पुठ्ठ्यावर तारीख, किलोमीटर आणि तेलाची खूण लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. इंजिन तेलाची आठवण पट्टी देते. या तेलाची आठवण देणारे त्या पुठ्ठ्याखेरीज दुसरे काही नाही.