ठासणीची बंदूक का मागे पडली?

गेल्या शनिवारी इथे पेनसिल्व्हेनियात, शूटिंग रेंजवर शेजारच्या आजोबांनी चकमकीची रायफल काढली. आधी दारू, मग कापडात गुंडाळलेली गोळी, वरून गज. आपल्या कोकणातली ठासणीची बंदूकच!

चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी बाहेरच्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडते आणि मग नळीतली दारू पेटते. रंजक भिजलं की नुसतंच 'फुस्स'.

१९७४ मध्ये या राज्यात हरणांच्या शिकारीसाठी खास चकमकीचा हंगाम सुरू झाला. इतर राज्यांतही ठासणीच्या बंदुकांना वेगळे दिवस मिळाले.

पण १९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी 'एमके-८५' ही रायफल आणली. भरायची तोंडाकडूनच, पण ठिणगी थेट दारूच्या मागून. पुढे दुर्बीण आली, दारूच्या तयार वड्या आल्या. बहुतेक ठिकाणी नियमात बसते, ओलाव्यात सहसा दगा देत नाही. मग जुनी कोण वागवणार?

इथल्या नाताळनंतरच्या हंगामात मात्र आजही चकमकच लागते. म्हणून आजोबांची रायफल अजून तेलपाणी खाऊन आहे.

मीही एक बार काढला. ठिणगी उडताच डोळे मिटले, नेम हुकला!