नावात सायनाइड, म्हणून जहर?

सायनाइड हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर मृत्यू उभा राहतो. मिठात सायनाइड असल्याचे संदेश अधूनमधून मोबाईलवर फिरतात आणि घराघरांत घबराट पसरते. गोळ्यांच्या पाकिटावर ‘सायनोकोबालामिन’ असे नाव वाचून दादीजानची गोळी बंद करणारी शिकलीसवरलेली मुलेही आम्ही पाहिली आहेत. म्हणून हे सायनाइड म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ या.

कार्बनचा एक अणू आणि नायट्रोजनचा एक अणू यांची जोडी म्हणजे सायनाइड. ही जोडी मोकळी असेल तर ती शरीरातील पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. रक्तात ऑक्सिजन असूनही माणूस गुदमरतो. पण हीच जोडी लोखंड किंवा कोबाल्ट या धातूंना बांधली गेली, की तिची पकड सहजासहजी सुटत नाही. मग ती जहर म्हणून काम करू शकत नाही. सगळा फरक मोकळे आणि बांधलेले यांत आहे.

निळा रंग ते औषध

सुमारे १७०६ साली बर्लिनमध्ये रंग तयार करताना एक गडद निळा रंग हाती लागला. तोच ‘प्रशियन ब्लू’. त्यात लोखंड आणि सायनाइड असते. १७८२ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शील यांनी याच रंगावर तीव्र आम्लाची क्रिया करून त्यातून विषारी आम्ल वेगळे काढले. ‘सायनाइड’ हे नावही निळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आले.

हाच रंग पुढे औषध ठरला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइआनिया शहरात भंगारात गेलेल्या एका यंत्रातून किरणोत्सारी सीझियम बाहेर पडले. त्या वेळी ४६ जणांना प्रशियन ब्लू देण्यात आला. तो आतड्यात सीझियमला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. स्वतः मात्र रक्तात उतरत नाही.

मीठ, गादी आणि गोळी

मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड किंचित मिसळतात. पाकिटावर त्याचा क्रमांक ५३६ असतो. आपल्याकडे किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत त्याला परवानगी आहे. येथेही सायनाइड लोखंडाला बांधलेले असते. लिंबाने किंवा चिंचेने ते मोकळे होत नाही.

जस्त आणि कोबाल्ट यांच्या सायनाइडचा उपयोग कारखान्यात उत्प्रेरक म्हणून होतो. उत्प्रेरक हा रिश्ता जमवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो. काम लवकर घडवून आणतो, स्वतः खर्ची पडत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत शोधलेल्या या उत्प्रेरकाने जो कच्चा माल बनतो, त्यापासून फोमच्या गाद्या आणि सोफे तयार होतात.

आता दादीजानच्या गोळीकडे येऊ. सायनोकोबालामिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१२. त्यात सायनाइड कोबाल्टला बांधलेले असते. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीत त्याचे प्रमाण सुमारे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग. शरीर ते निरुपद्रवी करून लघवीवाटे टाकून देते. पण गोळी बंद केली तर हातापायांना मुंग्या येणे, अशक्तपणा, विसरभोळेपणा वाढू शकतो. आपल्या घरात गोश्त-अंडी असतात, मग बी-१२ कसे कमी होईल, असे अनेकांना वाटते. परंतु वय वाढले की अन्नातील बी-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचेही ते कमी होऊ शकते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे. मोबाईलवरचा संदेश वाचून गोळी फेकू नये.

याच व्हिटॅमिनचा एक भाऊ आहे, हायड्रॉक्सोकोबालामिन. सायनाइडची विषबाधा झालेल्या रुग्णाला तो शिरेतून देतात. तो मोकळे सायनाइड पकडतो आणि स्वतःच सायनोकोबालामिन बनून लघवीवाटे निघून जातो. ज्या नावाला आपण घाबरतो, ते त्या रुग्णासाठी सुटकेचे नाव असते.

मग भीती कशाची बाळगावी?

फोमची गादी जळते तेव्हा तिच्यातील नायट्रोजनपासून मोकळा सायनाइड वायू तयार होतो. आगीत ज्वाळेपेक्षा धूरच अनेकांचा जीव घेतो. म्हणून आग लागली तर सामान वाचवत बसू नये. मुलांना आणि वृद्धांना घेऊन, खाली वाकून, लगेच बाहेर पडावे. सिगारेटच्या धुरातही हाच वायू असतो. आईची गोळी तपासणाऱ्या मुलाने आधी आपल्या खिशातील पाकीट तपासावे.

आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो ते वाचकांनाही सांगतो: नुसते नाव वाचून घाबरू नका. ते किती आहे आणि मोकळे आहे की बांधलेले, हे दोन प्रश्न विचारा. या दोन प्रश्नांनी घरातील निम्म्या अफवा दारातच थांबतील.