वाहनातील दुहेरी घटमाला व सौर विद्युत् भारण

वाहनातील दुहेरी घटमाला व सौर विद्युत् भारण : एंजिन सुरू करण्यासाठी असलेल्या मूळ संचायक घटमालेखेरीज मुक्कामातील उपकरणांसाठी वाहनात दुसरी स्वतंत्र घटमाला बसविणे आणि ती एंजिनावर चालणारे जनित्र व सौर फलक या दोहोंकडून भारित करणे, अशी ही योजना आहे. पक्क्या रस्त्यांपासून दूर, अनेक दिवस स्वयंपूर्ण राहून प्रवास करणाऱ्या व चारही चाकांना गती मिळणाऱ्या मोटारींत ती आढळते. ऑस्ट्रेलियात ती विशेष रूढ आहे.

याला तेथील भूगोल कारण आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॉल्स क्रीक व विलूना यांना जोडणारा कॅनिंग स्टॉक रूट हा गुरे हाकण्यासाठी आखलेला जुना मार्ग सु. १,८५० किमी. लांबीचा असून तो पार करण्यास दोन-तीन आठवडे लागतात. वाटेत वस्ती जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी शीतकपाट, दिवे, पाण्याचा पंप व रेडिओ संच रात्रभर चालले आणि सकाळी एंजिन सुरू झाले नाही, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. जुन्या मोटारी हँडल फिरवून वा ढकलून सुरू करता येत. स्वयंचलित गिअरपेटीच्या मोटारी ढकलून सुरू होत नाहीत आणि आधुनिक डीझेल एंजिनात इंधनाचे अंतःक्षेपणही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर अवलंबून असते. म्हणून अधिक वीज मिळविण्यापेक्षा पहिल्या घटमालेतील वीज राखून ठेवणे हाच दुसऱ्या घटमालेचा मुख्य हेतू होय.

दोन्ही घटमाला १२ व्होल्टच्याच असल्या, तरी त्यांची रचना भिन्न असते. आरंभक घटमालेत शिशाच्या पातळ व पुष्कळ पट्ट्या असतात. त्यांचे एकूण पृष्ठफळ मोठे असल्याने ती काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. परंतु ती वारंवार खोलवर रिकामी केल्यास पट्ट्यांवरील क्रियाशील द्रव्य गळते आणि तशीच रिकामी ठेवल्यास शिसे सल्फेटाचे कठीण स्फटिक बनून तिची धारकता कायमची घटते [→ विद्युत् घट]. दुय्यम घटमालेतील पट्ट्या जाड असतात व ती मंद प्रवाह दीर्घकाळ देते. तरीही शिसे-अम्ल प्रकारात निम्म्याहून अधिक वीज काढू नये, असा संकेत आहे. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या व सु. ३० किग्रॅ. वजनाच्या घटमालेतून प्रत्यक्षात ५० अँपिअर-तासच वापरावयाचे. पूर्ण भारित शिसे-अम्ल घटमालेचा विश्रांत विद्युत् दाब सु. १२·७ व्होल्ट, तर निम्म्या भारास तो सु. १२·२ व्होल्ट असतो.

टेक्सस विद्यापीठात ए. के. पाढी, जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून लिथियम लोह फॉस्फेट हे ऋणाग्र-द्रव्य पुढे आले. त्यावर आधारित घटमालेतील ८० टक्के वा अधिक वीज वापरता येते व तेवढ्याच धारकतेस तिचे वजन शिसे-अम्ल घटमालेच्या निम्म्याहूनही कमी भरते. मात्र तापमान ०° से. खाली असताना ती भारित करता येत नाही. मध्य ऑस्ट्रेलियात हिवाळी रात्री पारा गोठणबिंदूखाली जातो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी सहसा ध्यानात येत नाही. एंजिनालगतची उष्णताही तिला मानवत नाही. तिचा विद्युत् दाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्याने केवळ व्होल्टमापकावरून शिल्लक विजेचा अंदाज बांधणे फसवे ठरते. त्यासाठी येणारा-जाणारा प्रवाह मोजणारे उपकरण लागते.

दोन घटमाला जोडण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे हाताने चालविण्याचा स्विच. तो बंद करण्याचे एखाद्या रात्री विसरले, की दोन्ही घटमाला एकदमच रिकाम्या होतात. डायोडच्या जोडणीत विसरण्याचा प्रश्न नाही, पण सु. ०·७ व्होल्ट दाब वाया जातो. पुढे विद्युत् दाबानुसार चालणारा रिले आला. एंजिन चालू होऊन दाब सु. १३·३ व्होल्टवर गेला, की तो दोन्ही घटमाला जोडतो आणि दाब सु. १२·८ व्होल्टपर्यंत उतरला, की तोडतो. इंधन वाचविण्यासाठी नव्या मोटारींतील जनित्राचा दाब मूळ घटमाला भरताच मुद्दाम उतरविला जातो. त्यामुळे हा रिले अवेळी सुटतो व दुसरी घटमाला अर्धवटच भरते. म्हणून आता एकदिश प्रवाहाचा दाब वाढविणारा व प्रवाह मर्यादित ठेवणारा परिवर्तक वापरतात. लिथियम घटमालेस तो आवश्यकच समजावा, कारण तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ती जनित्रातून बेसुमार प्रवाह ओढते व जनित्र तापते.

उपकरणांवर खर्च करणारे लोक तारेवर काटकसर करतात, हे नेहमीचेच. घटमाला मागील भागात असेल, तर जाण्या-येण्याची मिळून १२ मी. तार सहज लागते. ६ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या अशा तारेतून २५ अँपिअर प्रवाह गेल्यास सु. ०·८६ व्होल्टची घट होते, १६ चौ. मिमी. तारेत ती सु. ०·३२ व्होल्ट राहते. या तारेच्या दोन्ही टोकांस विजेचा साठा असल्याने फ्यूजही दोन्ही टोकांस हवा. एकच बसविल्यास मधे तार घासून उघडी पडल्यावर दुसऱ्या बाजूने आग लागू शकते.

मोटार मुक्कामी उभी राहिली, की जनित्र थांबते व सौर फलकांचे काम सुरू होते. मध्यम आकाराचे संपीडकयुक्त शीतकपाट उष्ण हवेत दिवसाला ३० ते ५० अँपिअर-तास घेते. १६० वॉटच्या फलकावर प्रखर उन्हाचे सहा तास धरले व ३० टक्के ऱ्हास वजा केला, तर सु. ६७० वॉट-तास, म्हणजे सु. ५२ अँपिअर-तास मिळतात. हिशेब जमल्यासारखा दिसतो. परंतु वाळवंटातील प्रवासाचा हंगाम हिवाळ्याचा असतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील सिंप्सन वाळवंटाचे संरक्षित क्षेत्र तर उन्हाळ्यात, १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत, बंदच असते. बर्ड्सव्हिल येथे जूनअखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सु. ४१° वरच येतो; टपावर आडव्या पडलेल्या फलकास तेव्हा थेट उन्हाचा सु. दोन-तृतीयांश भागच लाभतो. सुटा घडीचा फलक उत्तरेकडे (दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेस असतो) तिरपा ठेवल्यास ही उणीव भरून निघते. शिवाय शीतकपाटावरील भार हलका व्हावा म्हणून मोटार झाडाच्या सावलीत उभी करावी, तर टपावरील फलक निकामी होतो. अंशतः सावलीनेही एकसरी जोडलेल्या घटांचे उत्पादन बरेच घटते. सुटा फलक लांब तारेने उन्हात ठेवता येतो. याउलट टपावरील फलक चालत्या मोटारीतही वीज देतो, त्याची मांडामांड करावी लागत नाही व तो चोरीस जाण्याची भीतीही कमी असते. दीर्घ मुक्काम करणारे प्रवासी दोन्ही बाळगतात.